जवारी ऐकू येतेय का?

ह्यांची 'वा' चुकीच्या जागी आली आणि माझ्या जिवाची घालमेल सुरू झाली.

संध्याकाळचा चहा झाला की मी तासभर सतार वाजवते. गुडघे रुसल्यापासून मांडी घालून नाही, दिवाणावर बसून, पाय खाली सोडून. समोरच्या खुर्चीत आमचे हे. मुलाकडे कतारला, दोह्यात राहायला आल्यापासूनचा हा नेम. बाहेर आमच्या मुंतझा भागातल्या गल्लीत गाड्यांची गर्दी असते, पडदे ओढलेले असतात, एसी घरघरत असतो आणि मधूनमधून खुर्चीतून 'वा' येते. त्या दिवशी यमन सुरू केला आणि बोटातली नखी निसटून दिवाणाखाली गेली. नखी म्हणजे तार छेडायची ती तारेची अंगठी. मी वाकून शोधत होते. सतार गप्प. सापडली, तशी वर आले आणि तोंडावर आलेले केस मागे जावेत म्हणून मान झटकली.

"वा!" हे म्हणाले.

मी नखी हातात धरून त्यांच्याकडे बघत राहिले. ते प्रसन्न चेहऱ्याने माझ्याकडे बघत होते.

"ऐकू आलं?" मी विचारलं.

"आलं की."

"काय वाजवत होते?"

"यमन."

आता ह्यात पकडणार कसं? संध्याकाळी मी यमनच वाजवते, हे घरातल्या एसीलासुद्धा माहीत आहे. मी पुढे वाजवत राहिले, पण हात माझा नव्हता. ह्यांना सतार ऐकू येत नाही, हे कधीपासून? गेल्या आठवड्यात मी तार ओढून सूर वळवला, त्या मिंडेला दाद दिली ती? दिवाळीतली? मी एकेक 'वा' आठवून तपासायला लागले. डाळ निवडताना एक खडा सापडला की सगळी डाळ पुन्हा ताटात ओतावी लागते, तसं झालं. रात्रीच्या भाजीत मीठ घालायचं राहिलं. त्यालाही हे 'छान' म्हणाले.

खरं तर आमच्या संसाराची सुरुवातच ह्यांना ऐकू न येण्यापासून झाली आहे. त्यात ह्यांची चूक नव्हती. चूक एका वीस वर्षांच्या मुलीची होती, जिची आठवण झाली की मला अजून हसू येतं. कॉलेजच्या गॅदरिंगला तिचं सतारवादन. नाशिकचं मोठं सभागृह, छतावर पंखे, मागे दारं सताड उघडी. संयोजकांनी बिचाऱ्यांनी सतारीसमोर माइक आणून ठेवला. बाईसाहेबांनी दोन बोटांनी तो बाजूला सारला. म्हणाल्या, "सतार माइकमधून ऐकायची नसते." अंगावर आईची रेशमी साडी, केसांत फूल, मान किंचित तिरकी. ती मान तिने आरशासमोर बसवून घेतली होती, शेवटच्या जलद 'झाल्या'च्या आधी कुठे झटकायची त्यासकट.

सभागृहात इतकी शांतता पसरली की ती मुलगी थरारून गेली. लोक मंत्रमुग्ध झाले, असं तिने घरी सांगितलं, मैत्रिणींना सांगितलं, पुढे सासरी सांगितलं. त्या शांततेवर तिने बरीच वर्षं काढली. शेवटच्या रांगेत बसलेले हे पुढे मला बघायला आले तेव्हा म्हणाले, "त्या दिवशी फार छान वाजवलंत." झालं, बाई विरघळल्या. लग्नानंतर बऱ्याच दिवसांनी, एकदा मी तीच शांतता कुणाला तरी सांगत असताना, हे हळूच म्हणाले, "खरं सांगू का? मागे काहीच येत नव्हतं. तू सुरुवात केलीस का नाही, हेच कळेना. मग आम्ही तुझ्या मानेकडे बघायला लागलो. मान थांबली तेव्हा टाळ्या वाजवल्या."

मानेकडे! तेव्हा मी चार दिवस बोलले नव्हते. आता मात्र नखी हातात धरून बसल्याबसल्या लक्षात आलं की माणसाने ती विद्या अजून टाकलेली नाही.

कानाचं यंत्र आहे ह्यांच्याकडे. बातम्यांना लावतात, भारतातून फोन आला की लावतात, सतारीला काढून ठेवतात. "सतार ऐकली की डब्यात खिळे हलवल्यासारखं वाटतं," म्हणतात. मध्येच ते शिट्टीही घालतं. संगीतासाठी वेगळं सेटिंग करून मिळतं, एकदा येऊन जा, असं यंत्र दिलेल्या दवाखान्यातल्या बाईंनी सांगितलं होतं. त्यावर हे 'इन्शाल्ला' म्हणाले. ह्या शब्दाचा असाही उपयोग होतो हे त्यांना इथे आल्याआल्याच कळलं होतं.

तेव्हा मी ठरवलं, कान मोठा होत नसेल तर सतार मोठी करू. सरावासाठीचा छोटा अ‍ॅम्प्लिफायर मिळतो, घरातल्या घरात, उचलून इकडेतिकडे ठेवता येईल असा. जेवणाच्या टेबलावर मी हे जाहीर केलं. नात मोबाइलमधून डोकं वर न काढता म्हणाली, "आजी, आजोबांकडे ऑलरेडी पोर्टेबल अ‍ॅम्प्लिफायर आहे. ही जस्ट डझन्ट वेअर इट."

"काय म्हणाली?" ह्यांनी विचारलं.

"भात हवाय तिला," मी म्हटलं.

पुढे जाण्याआधी जवारीचं सांगायला हवं, नाहीतर दुकानातली गंमत कळायची नाही. सतारीच्या तारा ज्या घोडीवरून जातात तिचा माथा सपाट दिसतो, पण तसा नसतो. त्याला केसभर उतार असतो. छेडलेली तार त्या उतारावर घासत थरथरते आणि सुराला एक कड येते, झणझण येते. ती जवारी. वाजवून वाजवून घोडीवर चरे पडले की जवारी बसते आणि सतार नुसती टणटण बोलते. मग कारागिराकडे नेऊन घासून घ्यावी लागते. त्याला म्हणतात जवारी काढणं.

आता ह्यांचं गाव लातूरकडचं. तिकडे ज्वारीलाच जवारी म्हणतात. लग्नाला वर्षही झालं नव्हतं, हे कामासाठी मिरजेला, सतारीच्या कारागिरांच्या गावी, निघाले होते. मी सतार त्यांच्याबरोबर दिली आणि दारातून बजावलं, "येताना जवारी नीट काढून आणा." चार दिवसांनी हे आले. एका हातात सतार, जशी गेली होती तशीच. ती कशाला बरोबर दिली, हे त्यांनी विचारलंही नव्हतं. मागून हमालाच्या डोक्यावर एक पोतं. "काढलेलीच होती, नवी. चांगली टपोरी मिळाली," हे म्हणाले, आणि शाबासकीची वाट बघत उभे राहिले.

त्या मुलीने काय करावं? रडली. माडीवर जाऊन बसली. 'अरसिक' हा शब्द तिने त्या दिवशी निदान दहा वेळा वापरला, आणि त्या ज्वारीची भाकरी खाणार नाही असं जाहीर केलं. सासूबाईंनी मात्र मूठभर दाणे तळहातावर घेऊन लेकाचं तोंडभरून कौतुक केलं. भाकऱ्या फार सुंदर व्हायच्या, पांढऱ्याशुभ्र, टम्म फुगलेल्या. वास नाकात शिरायचा आणि अरसिकाची बायको माडीवर पोहे खात बसायची.

तर अ‍ॅम्प. सूनबाई गाडी काढते म्हणाली. मुलाची शिफ्ट असते. घरातली यंत्रं, गाड्या आणि सासू-सासरे सूनच हाकते. ती गॅसच्या कंपनीत इंजिनीअर आहे, मीटर आणि सेन्सर हे तिचं काम. मुंबईची आहे, त्यामुळे एका वेळी एकच वाक्य बोलते. सतारीची पेटी मागच्या सीटवर आडवी, तिच्या बाजूला अंग चोरून मी, पुढे हे.

नजमा भागातलं ते वाद्यांचं दुकान मोबाइलवाल्याच्या आणि शिंप्याच्या मध्ये दडलेलं आहे. दारात पेटी उतरवली तशी विक्रेत्या मुलाने विचारलं, "ऊद?" मला हसू आलं. पहिल्यांदा सतार घेऊन इथल्या विमानतळावर उतरले तेव्हाही एका अधिकाऱ्याने हेच विचारलं होतं, आणि मी घाईघाईने सांगितलं होतं, "नो नो, ऊद नहीं, अगरबत्ती भी नहीं!" मला वाटलं, देवापुढे जाळायचा ऊद पेटीत भरून आणलाय की काय, असं विचारतोय. ऊद म्हणजे इकडचं तारांचं वाद्य, हे मला नंतर कळलं. शब्दांनी मला आयुष्यभर असं खिंडीत गाठलं आहे.

मुलगा केरळचा, केस जेलने उभे केलेले, स्वतः गिटार वाजवणारा. ह्यांना त्याने दाराजवळ प्लास्टिकच्या खुर्चीत बसवलं आणि शेजारच्या कॅफेटेरियातून करक मागवून दिला. तो गोड दाट चहा हातात आला की ह्यांना कुठेही बसवता येतं. मी आत, स्टुलावर. सुनेने बटणाएवढी एक चकती सतारीच्या तबलीवर, म्हणजे भोपळ्यावरच्या लाकडी फळीवर, घोडीशेजारी चिकटवली. तिला पिकअप म्हणतात. लाकडाची थरथर ती वायरीतून डब्याकडे पाठवते.

"आंटी, ये लीजिए," मुलाने एक काळा डबा पुढे ठेवला. "इसमें पचास इफेक्ट हैं."

"मुझे एक ही चाहिए," मी म्हटलं, आणि त्याला न दिसेल असं दाराकडे बोट केलं. "वो आदमी को सुनाई देना चाहिए."

मुलगा हसला. त्याला वाटलं मी थट्टा करतेय.

मी षड्ज छेडला. डब्यातून आवाज आला, मोठा आला, दुकानातल्या गिटारी मागे हुंकारल्या. पण तो आवाज घोंगडीत गुंडाळलेला होता. सगळी गोलाई, कड कुठेच नाही. मुलाने बटणं फिरवली. कधी सतार विहिरीत पडल्यासारखी वाजे, कधी तिला सर्दी झाल्यासारखी. एका बटणावर तर ती मोटारसायकल झाली. मुलाला ते फार आवडलं. दुसरा डबा, तिसरा डबा. मी चुळबुळत होते, स्टूल पुढे घे, मागे घे. वैतागून सुनेला ओरडले, "अगं, ह्यात जवारी येतच नाहीये! जवारीच नाही!"

दारातून आवाज आला, "घरी आहे की! परवाच डबा भरलाय."

सून तोंडावर हात दाबून गिटारींकडे वळली. मुलगा विचारतोय, "अंकल क्या बोले?" आता त्याला काय सांगू? माझं ओरडणं ह्यांना दारापर्यंत ऐकू गेलं होतं, आणि सतार नाही. ते हसण्यावारी गेलं.

प्रत्येक डब्यानंतर मी दाराकडे बघायची आणि हे म्हणायचे, "छान." दुसऱ्याला छान, तिसऱ्याला छान. मोटारसायकललाही छान. मग माझ्यातली ती जुनी खट्याळ बाई जागी झाली. चौथ्या डब्याचं आवाजाचं बटण मी गुपचूप शून्यावर नेलं. तारांना अगदी हलकं, नखी टेकेल न टेकेल असं छेडलं. आणि मान अशी झटकली म्हणता, कॉलेजच्या गॅदरिंगनंतर तशी झटकली नसेल.

"वा!" हे म्हणाले. "हाच घे."

मला वाटलं होतं, फजिती झाली की सगळे हसू. सुनेने बटणाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि वायर गुंडाळायला लागली. कुणी हसलं नाही. मीही नाही. ज्याचा आवाज शून्य होता तोच डबा ह्यांना पसंत पडला, म्हणून मी रागाने तोच घेतला. वय वाढलं म्हणून माणूस शहाणा होतो असं ज्यांना वाटतं त्यांनी तेव्हा तो डबा बघायला यायला हवं होतं.

गाडीत मी गप्प बसायचं ठरवलं होतं. पहिल्या सिग्नलला ठराव मोडला.

"बटण बंद होतं," मी जोरात म्हटलं.

"हो?"

"हो? हो काय? तुम्हाला काही ऐकू येत नव्हतं. माझ्या मानेकडे बघून 'वा' म्हणता. रोज!"

हे समोरच्या काचेतून बघत होते. सून सिग्नलकडे बघत होती, जणू तिने नजर काढली तर तो हिरवा होणारच नाही.

"मग काय म्हणू?" हे म्हणाले. ऐकू कमी यायला लागल्यापासून ते मोठ्याने बोलतात, पण हे हळू बोलले. "रोज सांगू, ऐकू नाही आलं म्हणून? तू बंद करशील."

"मी कशाला बंद करीन?"

"कुणासाठी वाजवशील इथे? मुलाला वेळ नाही. नात कानात ते बोंडूक घालून बसते. मी पण उठलो खुर्चीतून, की तू सतार खोळीत घालशील. मला माहीत आहे तुला."

'मी स्वतःसाठी वाजवते,' हे वाक्य माझ्या जिभेवर आलं. तेच ते, माइक बाजूला सारणाऱ्या मुलीचं. मी ते गिळलं, कारण ते खरं नव्हतं. मागे दारं उघडी असलेल्या त्या सभागृहातसुद्धा ती स्वतःसाठी वाजवत नव्हती. नाहीतर मान कशाला बसवून घेतली असती?

"यल्ला, झाला हिरवा," सून म्हणाली, आणि गाडी हलली.

पुढचे दिवस घरात कुणाला चैन नव्हतं, म्हणजे मी पडू दिलं नाही. तो डबा जमिनीवर ठेवला तर आवाज ह्यांच्या पायांना ऐकू जायचा. फ्रिजवर ठेवला तर फ्रिजवरचे डबे ताल धरायचे. इस्त्रीच्या टेबलावर, खिडकीत, एकदा वॉशिंग मशीनवर. आवाज वाढवत गेले आणि डबा सतारीकडे तोंड करून ठेवला गेला, तेव्हा त्याने अशी काही किंकाळी फोडली की नात खोलीतून धावत बाहेर आली. सतारीचा आवाज डब्यात, डब्याचा पुन्हा सतारीत, असं ते चक्र फिरतं म्हणे. ह्यांनी तेवढ्यात कानाला हात लावून बघितलं, यंत्र लावलंय की काय. आता घरात शिट्ट्या घालणारे दोघे झाले होते.

आणि इतकं करून हे खुर्चीत बसून काय म्हणायचे? काही नाही. गाडीतल्या त्या संध्याकाळनंतर त्यांनी 'वा' म्हणणं सोडूनच दिलं होतं. प्रामाणिकपणे बसायचे. ते तर आणखीच वाईट. मी वाजवता वाजवता त्यांच्याकडे बघायची, ते माझ्याकडे बघायचे, आणि दोघंही चोरी पकडल्यासारखे दुसरीकडे बघायचो. दोनदा मी मध्येच उठले. एकदा सतार खोळीत घातलीसुद्धा. मग ह्यांचं बोलणं आठवलं आणि रागाने पुन्हा बाहेर काढली.

शेवटी सुनेने विषय हातात घेतला. भाजी चिरता चिरता म्हणाली, "आई, आवाज वाढवून उपयोग नाही."

"मग?"

"बाबांना मिक्सर ऐकू येतो. कुकरची शिट्टी येत नाही."

खरंच की. शिट्ट्या मोजायचं काम पूर्वी ह्यांचं होतं. हल्ली डाळीचा गाळ व्हायला लागला होता आणि मी डाळीला दोष देत होते.

"दार आपटलं की कळतं, बेल वाजली की कळत नाही," ती म्हणाली. "खालचे आवाज येतात, वरचे गेलेत. तुमची ती ज्वारी..."

"जवारी."

"...ती सगळी वरच्या आवाजात असणार. आणि हा डबा वरचे आवाज काढतच नाही. इलेक्ट्रिक गिटारवाल्यांना ते नकोच असतात."

म्हणजे सतारीतलं जे ह्यांना सगळ्यात कमी ऐकू येतं, नेमकं तेच खाऊन टाकणारा डबा मी निवडला होता. तोही मान हलवून. त्या वीस वर्षांच्या मुलीला मी उगीच हसत होते. ती अजून घरातच होती, फक्त तिचे केस पांढरे झाले होते.

दुसऱ्यांदा दुकानात गेलो ते ह्यांना न घेता. डबा अजून नवाकोरा होता, दुकानातल्या मुलाने बदलून द्यायला कुरकुर केली नाही. फक्त मोटारसायकलचा आवाज खरंच नको ना, असं दोनदा विचारलं. मी म्हटलं, "खलास. बिना बिजली का बाजा जिसमें सुनाई दे, वो दिखाओ." त्याने आतून दोन काढले. लाकडी वाद्यांसाठी वेगळे असतात, हे तेव्हा कळलं. त्यांत मोठ्या स्पीकरच्या वर एक छोटा, वाटीएवढा, बारीक आवाजांसाठी. पहिल्या दिवशी मी इफेक्टवरून त्याची चेष्टा करत बसले नसते आणि नीट विचारलं असतं, तर तेव्हाच दाखवले असते.

"ये पोर्टेबल है, आंटी," त्याने मोठा पुढे केला.

मी उचलून पाहिला. ज्याला उचलायचं नसतं त्यानेच पोर्टेबल हा शब्द काढला असावा. तो खाली ठेवताना माझी कंबर दुकानात सगळ्यांना ऐकू आली. दुसरा लहान होता, एका हाताने पेलेल असा, आणि बॅटरीवर चालणारा. बॅटरी मला हवीच होती. ह्यांच्या खुर्चीजवळच्या प्लगवर फोनच्या चार्जरचा आणि दिव्याचा कब्जा आहे. हॉलभर वायर पसरली तर हे पाण्याला उठताना अडखळणार. मुलगा तेवढ्यात आवाज किती मोठा जातो ते सांगायला लागला. मी त्याला थांबवलं. मोठ्या आवाजाने काय होतं ते आमच्या फ्रिजने पाहिलं होतं.

मी डोळे मिटले. मान भिंतीला टेकवली, म्हणजे ती आगाऊपणा करणार नाही. आणि एकच तार छेडली.

झण्ण.

सुनेला सतारीतलं काही कळत नाही, पण तिने माझ्या हाताला हात लावला आणि बिलाच्या काउंटरकडे गेली.

घरी येऊन मी त्या डब्याला जागा दिली ती ह्यांच्या खुर्चीच्या बाजूला, उंच स्टुलावर, कानाच्या पातळीला, तोंड ह्यांच्याकडे आणि पाठ सतारीकडे. बारीक आवाजांचं बटण जास्त, बाकी मधोमध. मग घरघर नको म्हणून एसी बंद केला.

"एसी गेला का?" ह्यांनी विचारलं.

"मी बंद केलाय."

"उन्हाळ्यात?"

"बसा."

दोह्याच्या उन्हाळ्यात एसी बंद करून यमन वाजवणं म्हणजे काय, हे इथे राहिल्याशिवाय कळायचं नाही. आलाप संपेपर्यंत माझ्या कपाळावरून धार लागली. नखी घामाने सरकत होती. हे नुसते बसले होते, हात पोटावर, नजर माझ्याकडे. चेहऱ्यावर काही नाही. मी वाजवत होते आणि मनात एकीकडे हिशेब चालला होता, स्टूल आणखी पुढे घ्यावं का, बटण वाढवावं का, का आता हे सगळंच सोडून द्यावं. मग तालातली गत सुरू केली. पुन्हा त्यांच्याकडे पाहिलं.

त्यांनी डोळे मिटले होते.

झोपले, असं वाटलं मला. मग त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या आणि डब्याच्या बाजूचा कान हाताने झाकला.

"हळू कर जरा," हे म्हणाले. "जवारी टोचतेय."

स्वयंपाकघरातून सून ओरडली, "बाबा, भाकरी टोचली?"

त्या दिवशी घरात भातच होता.

मी बटणाजवळ हात नेला. आणि काय सांगू, स्वभाव जात नाही. बटण न फिरवताच हात मागे घेतला. "आता?" विचारलं.

"आता बरोबर आहे," हे डोळे न उघडता म्हणाले.

झालं! म्हणजे पुन्हा पंचाईत. मला बरं वाटावं म्हणून म्हणाले? का खरंच? मी गत पुढे नेली, पण मन तिथे नव्हतं. ह्यांचा उजवा पाय चपलेसकट हलत होता, तालात. पण ताल कुणालाही धरता येतो, भिंतीवरच्या घड्याळालासुद्धा. मग मी एक केलं. यमनात तीव्र मध्यम लागतो. मी तिथे मुद्दाम शुद्ध मध्यम लावला, चांगला ठसठशीत, बेसूर नाही पण यमनात नकोच असा. लग्नानंतर इतक्या संध्याकाळी ह्यांनी माझा यमन ऐकला आहे, कान शाबूत होते तेव्हा. मान मी हलू दिली नाही.

पाय थांबला.

डोळे उघडले नाहीत. चप्पल अर्धवट वर उचललेली, तशीच हवेत. मी तीव्र मध्यमावर परत आले, आणि थोड्या वेळाने चप्पल पुन्हा जमिनीवर पडली, हलायला लागली.

मला वाटलं होतं, ह्यांना ऐकू आलं की माझा जीव शांत होईल. कसलं! गत संपली, मी पदराने तोंड पुसते आहे, तर हे डोळे उघडून म्हणाले, "तान पूर्वी स्वच्छ यायची. आता मधले दोन सूर खातेस."

"उकाड्यामुळे," मी म्हटलं.

"हं."

त्यांना ऐकू येत नव्हतं त्या दिवसांत मी किती सूर खाल्ले असतील, देव जाणे. त्यावर 'वा' मिळत होती, कुणी मोजत नव्हतं. ती सोय गेली. आता रोज दुपारी, हे जेवून आडवे झाले की, मी आतल्या खोलीत दार लावून त्या दोन सुरांवर हात बसवते. डबा तेव्हा बाहेर स्टुलावर असतो. बंद.